बाहुल्याचे पाय

"पाय लावायचे की नाही, तेवढं एकदा सांग," कारागीर म्हणाला. "नंतर माझ्या नावानं शंख करू नकोस."

मुलगा दुकानाच्या पायरीवर बसून केळं सोलत होता. "अजून ठरलं नाही, बाबा."

"अरे, डोकं झालं, छाती झाली, हात झाले. कमरेपाशी येऊन चार दिवस थांबलोय. असा अर्धा माणूस टेबलावर किती दिवस ठेवू? काल पोस्टमन दचकला."

कारागीर म्हणजे खुर्च्या आणि सोफे मढवणारा माणूस. तीस वर्षांत त्यानं कापड, काथ्या आणि स्प्रिंगा यांच्यापलीकडे फारसं काही पाहिलं नव्हतं. पण या वेळचं गिऱ्हाईक घरचंच होतं. मुलगा कुस्ती खेळायचा. हंगाम नुकताच संपला होता, पुढचा सुरू व्हायला तीन महिने होते, आणि त्या तीन महिन्यांत उचलायला, आदळायला त्याला माणसाएवढा भरलेला बाहुला हवा होता.

आता बाहुल्याला पाय असावेत की नसावेत, हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नव्हता. मुलासमोर कुस्तीच्या दोन तऱ्हा होत्या. एक फ्रीस्टाइल. तिच्यात समोरच्याला कुठंही धरा, घोटा ओढा, मांडीला मिठी मारा, सगळं चालतं. दुसरी ग्रीको-रोमन. तिच्यात कमरेखाली हात लावायचा नाही, पायानं अडवायचंही नाही, काय करायचं ते छातीला छाती भिडवून. पहिलीला पाय असलेला बाहुला लागतो. दुसरीला पाय म्हणजे नुसती अडगळ.

फ्रीस्टाइल शिकवणारे मास्तर दुकानापासून आठ घरं सोडून एका हॉलमध्ये असायचे. ग्रीको-रोमनचं शिबिर मात्र सात तासांच्या बसवर होतं. तिथंच राहायचं, तिथंच जेवायचं, तीन महिने घर बघायचं नाही. नाव द्यायचं ते शनिवारपर्यंत.

"माझं काही म्हणणं नाही," असं कारागीर मुलाला म्हणाला, मास्तरांना म्हणाला, शेजारच्या चष्मेवाल्याला म्हणाला, आणि रात्री जेवताना कुणी विचारलं नसताना पुन्हा एकदा म्हणाला.

त्याची बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर असायची. खोकल्याचं औषध मागणाऱ्याला खरं काय होतंय, हे ती चेहऱ्यावरून ओळखायची. "ज्याचं काही म्हणणं नसतं, तो एवढ्यांदा सांगत नाही," ती म्हणाली आणि भाजी वाढायला लागली.

कारागिराचं म्हणणं होतं आणि ते अगदी साधं होतं. सोफ्याची पाठ मढवायची तर कापड दोघांनी ताणावं लागतं. दुपारी मुलगा यायचा, एक टोक धरायचा. समोरासमोर बसून बोलायची बापलेकांना दोघांनाही लाज. पण मध्ये सोफ्याची पाठ उभी असली, एकमेकांचे चेहरे दिसत नसले, की दोघं बोलायचे. कोण हरलं, कुणाचं लग्न ठरलं, गुडघा कसा आहे. हे सगळं तीन महिने बंद होणार होतं. पोराला 'जाऊ नकोस' म्हणायला मात्र कारागिराची जीभ काही रेटत नव्हती.

जीभ रेटली नाही, पण हात रेटले. मंगळवारी दुपारी मुलगा हॉलवर गेलेला असताना त्यानं बाहुल्याला पाय लावून टाकले. पायही असे तसे नाहीत. आत वाळू भरली, पोटऱ्या काढल्या, वर स्वतःची जुनी पँट चढवली आणि खाली जुने बूट. कमर लवती हवी, असं मुलानं आधीच सांगितलं होतं. लवती वस्तू म्हणजे कारागिराच्या लेखी स्प्रिंग. त्यानं आरामखुर्चीच्या चार मोठ्या स्प्रिंगा बाहुल्याच्या कमरेत बसवल्या.

संध्याकाळी मामा आले. मामा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ, जन्मभर बस चालवून आता घरी बसलेला. त्यामुळे रस्त्यावर जे बोलायचं राहून गेलं, ते मामा इथं येऊन बोलायचे.

"दाजी, हे काय? पाय?" मामांनी बाहुल्याच्या पोटरीला चिमटा काढला. "पोरगं अख्ख्या हंगामात कशानं हरलं? समोरच्यानं छातीशी मिठीचा कवळा घातला आणि उचलून आपटलं. मग त्यावरच इलाज करायला नको? जाऊ दे त्याला शिबिराला. लोकांचे पाय धरून जिंकण्यात काय गंमत आहे?"

"माझं काही म्हणणं नाही," कारागीर म्हणाला.

"मग उसवा हे पाय."

"उसवता येत नाहीत. अखंड काम आहे. पाय काढले तर पोटातला काथ्या बाहेर येईल."

असं खोटं कारागीर आपल्या धंद्यात कधी बोलला नव्हता. त्यामुळे ते सगळ्यांना खरं वाटलं.

"राहू द्या, मामा," मुलगा म्हणाला. "पाय असताना पण ग्रीकोचा डाव करता येतो. बघा." आणि त्यानं बाहुल्याला छातीशी कवळलं, श्वास घेतला आणि मागं कमान टाकत उचललं.

बाहुला उचलला गेला. पण वाळूचे पाय घड्याळाच्या लंबकासारखे वर आले, आणि उजव्या बुटानं फळीवरचा चिकटवायच्या सोल्युशनचा उघडा डबा नेमका उडवला. डबा खाली आला तो दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या बाकावर. या बाकावर पेशंट आपली पाळी येईपर्यंत घाबरत बसायचे. त्याला आजच नवं निळं कापड लागलं होतं आणि तो शनिवारी पोचवायचा होता. डाव्या बुटानं मामांच्या गुडघ्याची वाटी शोधून काढली.

"अगं आई गं!" म्हणत मामा मागं सरकले आणि जे पहिलं हाताला लागलं त्यावर बसले. पहिला लागला तो बाक.

"मामा, उठा! उठा!"

"अरे, गुडघा... एक मिनिट बसू तरी दे!"

ते एक मिनिट फार झालं. मग मामा उठले, पण पँट उठली नाही.

पुढचा काही वेळ कारागिरानं कात्री चालवली, मुलानं कापड धरलं आणि मामांनी डोळे मिटून घेतले. मामा मोकळे झाले. बाकाचं निळं कापड आणि मामांची पँट यांचा संसार मात्र कायमचा जुळला. आता मामांना घरी कसं पाठवायचं? दुकानात दुसरी पँट एकच होती. मुलगा ती बाहुल्याच्या अंगावरून ओढायला लागला.

"ती नको!" कारागीर एकदम ओरडला. "मी घरून आणतो ना दुसरी."

पण तोवर पँट उतरली होती. पाय उघडे पडले आणि पायांबरोबर बाकीचंही उघडं पडलं. मांड्या कमरेला पांढऱ्या दोऱ्यानं जोडल्या होत्या, आणि तेही बोटाएवढ्या लांबीच्या कच्च्या टाक्यांनी.

मामा अर्धी पँट चढवलेल्या अवस्थेत वाकले. "दाजी, हे अखंड काम? दोनदा कात्री मारली की मोकळं!"

"उद्या पक्के टाके घालणार होतो," कारागीर म्हणाला, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन त्याचे कान लाल झाले.

मुलानं कात्री घेतली, टाके कापले, दोन्ही पाय बुटांसकट भिंतीशी नीट उभे केले. मग बाहेर जाऊन शिबिरवाल्या कोचना फोन केला. आत येऊन म्हणाला, "ते शनिवारी इथूनच जाणार आहेत. बाहुला बघतील आणि नाव पण लिहून घेतील."

मामा बाहुल्याच्या पँटमध्ये लंगडत घरी गेले. बापलेक मागं राहिले. बाकाचं कापड फाडून पुन्हा पहिल्यापासून मढवायचं होतं. मुलानं न सांगता एक टोक धरलं. कारागिरानं दुसरं. मध्ये बाकाची पाठ.

बऱ्याच वेळानं पलीकडून आवाज आला, "बाबा, सरळ सांगायचं ना."

"काय?"

"काही नाही. ओढा."

कारागिरानं ओढलं, जरा जास्तच. कापड कोपऱ्यात टरकलं आणि दोघांना तिसऱ्यांदा सुरुवात करावी लागली. त्याचं त्याला फारसं वाईट वाटलं नाही.

शनिवारी सकाळी बाक डॉक्टरीणबाईंकडे गेला आणि कोच दुकानात आले. बुटका, रुंद माणूस. मान कुठं संपते आणि खांदे कुठं सुरू होतात, ते कारागिराला डोळ्यांनी मापूनही कळेना. बायको कामावरून तासाभराची सुट्टी काढून आली होती. मामा स्वतःच्या पँटमध्ये आले होते.

"हाच का तो डमी?" कोचनी बाहुल्याला टिचकी मारली. "बिनपायाचा. छान. तुला दाखवतो, कवळा कसा असतो."

त्यांनी बाहुल्याला मिठी मारली. इथं एक गोष्ट सांगायला हवी. त्या चार स्प्रिंगांना मंगळवारी आवरून धरलं होतं ते वाळूच्या पायांनी. पाय गेले आणि स्प्रिंगा मोकळ्या झाल्या, पण तेव्हापासून बाहुला कुणी उचललाच नव्हता. हे कारागिराच्या लक्षात आलं ते कोच मागं कमान टाकायला लागले तेव्हा.

"साहेब, जरा..." तो म्हणाला.

बाहुला कोचबरोबर मागं वाकला, पार वाकला, आणि मग त्यानं वाकायचं नाकारलं. कमरेत 'टणण्' असा आवाज झाला. बाहुल्यानं कोचच्या हनुवटीवर डोकं मारलं, दोघं मिळून अर्धी गिरकी खाल्ली आणि कोच काथ्याच्या ढिगात उताणे पडले. वर बाहुला, पालथा, छातीला छाती भिडवून.

"एक... दोन..." मामा मोजायला लागले. बहिणीनं त्यांना कोपर मारलं.

काथ्याच्या ढिगातून आवाज आला तो हसण्याचा होता. कोच उठेनात, पडल्या पडल्या हसत होते. "हा बनवला कुणी?"

कारागिरानं चोरासारखा हात वर केला.

कोचनी मग मुलाला बाहुला उचलायला पुढं बोलावलं. मुलगा एकदा बाहुल्याखाली गेला, दोनदा गेला. तिसऱ्यांदा कोच बाहुल्याकडे न बघता मुलाच्या पायांकडे बघत राहिले.

"तुझे पाय कुणी जमिनीला ठोकलेत का रे?"

"बाप खिळेवाला आहे, सांगता येत नाही," मामा म्हणाले.

"छाती आहे तुझी, हात पण आहेत," कोच म्हणाले. "पण पाय जागचे हलत नाहीत. म्हणून कुणीही कवळा घालतं. या पायांनी माझ्याकडे आलास तर तीन महिने छताकडेच बघत राहशील. हे तीन महिने फ्रीस्टाइल कर. पाय धरायला शीक, सोडवायला शीक, पळवायला शीक. मग पुढच्या वर्षी ये."

मुलानं मान हलवली. त्याला वाईट वाटलं की सुटल्यासारखं झालं, ते कळलं नाही. कारागिराला मात्र काय झालं ते सगळ्यांना कळलं. त्यानं चेहरा शक्य तेवढा दुःखी केला, पण हात आधीच भिंतीशी उभ्या केलेल्या पायांकडे गेला होता.

"आणि कारागीर," कोच काथ्या झटकत म्हणाले, "तीस वर्षं मी मेलेली पोती फेकतोय. उलटा फेकणारा डमी आज पहिल्यांदा भेटला. असे बारा हवेत मला."

आता, कारागिराच्या खुर्च्यांवर लोक तीस वर्षं बसत आले होते. बसल्यावर कुणी खुर्ची बघत नाही. त्याच्या कामाकडे असं कुणी कधी बघितलंच नव्हतं.

"बारा?" तो म्हणाला. "करू की! आणि हा तर घाईघाईत झालाय साहेब. मानेतसुद्धा स्प्रिंग बसते. प्रत्येक पोराच्या मापानं वेगळा करता येईल. जड पोराला जाड तार, हलक्याला बारीक..."

"पोरांची मापं घ्यावी लागतील मग."

"लागतीलच! मापाशिवाय कसं?"

"आणि बिघडले तर दुरुस्तीला माणूस तिथंच हवा."

"हवाच!"

"इथं बनवून बसनं न्यायचे म्हटलं तर बारा सीट अडतील," मामांनी अनुभवाचा बोल टाकला.

"मग कधी येताय?" कोचनी विचारलं.

"म्हणाल तेव्हा!" कारागीर म्हणाला.

बायकोनं हळूच विचारलं, "कुठं, अहो?"

कारागिरानं मुलाकडे बघितलं. मुलगा बाहुल्याशेजारी काथ्यात बसला होता आणि बापाकडे टक लावून बघत होता.

"माझं काही म्हणणं नाही, बाबा," तो म्हणाला.

सोमवारच्या बसनं कारागीर दाभण, कात्री आणि स्प्रिंगांची पेटी घेऊन गेला.

शिबिरात त्याचं बरं चाललं. पोरं त्याला 'काका' म्हणायची, त्याचे बाहुले पोरांना आपटायचे आणि कोच बाजूला उभे राहून खूश व्हायचे. घरी फोन केला की बायको सगळं सांगायची. दुकान पोरगं दुपारचं उघडतं, लहानसहान दुरुस्त्या करतं, मास्तर म्हणतात पाय हलायला लागलेत. मुलगा स्वतः फोनवर यायचा नाही. त्यालाही समोरासमोर बोलायची लाज, आणि फोनमध्ये सोफा धरता येत नाही.

तिसरा महिना संपत आला तेव्हा अकरा बाहुले झाले होते आणि बारावा टेबलावर होता. "अजून आठ दिवस लागतील," कारागिरानं फोनवर सांगितलं. "मानेचं काम नाजूक असतं."

बायको 'बरं' म्हणाली. मग मागं काहीतरी कुजबुज झाली आणि फोन दुसऱ्या हातात गेला.

"बाबा."

"काय रे?"

"डॉक्टरीणबाईंनी दोन खुर्च्या पाठवल्यात. पाठी मढवायच्यात."

"मग कर ना. येतं तुला."

"एकट्याला नाही जमत." पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. "म्हणजे, जमेल. पण नाही करायच्या मला एकट्याला. तुम्ही या आता घरी."

कारागिरानं फोन ठेवला. मग कोचच्या खोलीत जाऊन म्हणाला, "सकाळच्या बसनं निघतो."

"अहो, पण शेवटचा डमी?" कोच उठूनच उभे राहिले. "त्याला अजून डोकं बसवायचंय!"

"राहू दे," पेटीत कात्री टाकत कारागीर म्हणाला. "कुस्ती खेळायचीय ना त्याला? डोक्यावाचून काही अडत नाही."