मागच्या बाकावरचं संशोधन

म्हात्रे सर वडापाव कधीच एक घेत नाहीत. रेवदंड्याच्या नाक्यावरच्या दोन गाड्यांवरून एकेक घेतात, आळीपाळीने घास खातात आणि मगच मत देतात. आयुष्यभर कॉलेजात तौलनिक राजकारण शिकवलं, त्याचा हा परिणाम. "एका उदाहरणावर सिद्धांत उभा राहत नाही," हे ते वडापाववाल्यालाही सांगतात.

मी त्यांचा शेजारी, म्हणजे रोजचा विद्यार्थी. आज उकडतंय म्हटलं की विचारणार, "कशाच्या तुलनेत?" आमच्या हिने एकदा हौसेने सुरमईचं कालवण पाठवलं, तेव्हाही हाच प्रश्न. पुढे बरेच दिवस त्यांच्याकडे वाटी गेली नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःचं संशोधन काढलं. आमचं गाव आणि पुलापलीकडचं गाव. तीच खाडी, तीच मासळी, त्याच जाती, तोच कायदा. तरी आमची ग्रामसभा माणसं न जमल्याने तहकूब होते आणि तिथली खच्चून भरते. "बाकी सगळं सारखं असलं, की फरकाचं कारण सापडतं," सर सांगतात. म्हणून तिथल्या सरपंचांच्या परवानगीने ते प्रत्येक सभेला मागच्या बाकावर बसतात. स्कूटर माझी.

खरी गोष्ट मला ठाऊक होती. तिथे त्यांचा धाकटा भाऊ जनार्दन राहतो आणि प्रत्येक सभेत तावातावाने बोलतो. घराच्या वाटणीपासून दोघांचं बोलणं बंद आहे. एकदा मी डिवचलं, "सर, तुम्ही दोघं भाऊ. आईबाप तेच, ताट तेच. मग फरक कुठे?"

"भांडलो की तो आधी बोलायला यायचा. मी कारण शोधत बसायचो," सर म्हणाले. "या वेळी तो आला नाही."

परवाच्या सभेत पाण्याच्या पाइपलाइनवरून गदारोळ चालला होता. जनार्दन उठला आणि मागे बोट दाखवून म्हणाला, "सरपंच, ह्ये मागं कोन बसतात? गावातले न्हाय ते."

सरांचा चेहरा उतरला. मला जनार्दनचा भयंकर राग आला.

"अभ्यास करतात," सरपंच म्हणाले.

"मंग त्यांना चा द्या. बिनसाखरेचा. गोड चालत न्हाय त्यांना." एवढं बोलून तो पुन्हा पाइपलाइनकडे वळला.

चहा पिताना सरांनी एकदाही मान वर केली नाही. परतताना पुलावर मी विचारलं, "चहा कसा होता?"

"उत्तम."

मला संधी सोडवेना. "कशाच्या तुलनेत?"

"गप बस," सर म्हणाले. "गाडी वळव."