डाव्या सुळ्याची मोहीम

जालना शहरीं, मस्तगडीं, वेडेवाकडे दात वळणावर आणणाऱ्या डॉक्टर कशफबी नवा दवाखाना मांडोन लौकिक संपादावयास बैसल्या, ते समयी डाव्या सुळ्यावर जो प्रसंग गुदरला, तो जैसा घडला तैसा लिहिला आहे. वाचणारांनी तोंड मिटोन वाचावा.

बियाणेवाल्यांच्या घरची कन्या कनिका, तिजला घेऊन मातोश्री लाडबाई दवाखानी दाखल जाहल्या. कशफबींनी दातोदाती प्रायमर, म्हणजे चिकटविण्याचा लेप, लावोन तार अडकवावयाचे ब्रॅकेट चिकटविले आणि निळ्या उजेडाचा मारा करोन पक्के केले. अवघे दात मुकाट राहिले; डावा सुळा तेवढा फितूर. पहिले ब्रॅकेट मठरी खातां ढासळले. मग प्रायमर बदलोन दुसरे बसविले, ते पापडापुढे पडले. मग प्रायमर विकणाऱ्या कंपनीचे वकील परवेजमियां भारी प्रायमर घेऊन रुजू जाहले, आणि दात उखडेल परंतु ब्रॅकेट सुटणार नाही, ऐसी ग्वाही देऊन, चहा पिऊन गेले. ते ब्रॅकेट खिचडीत सांपडले. मऊ खिचडीपुढे शिकस्त! कशफबींस मेल्याहून मेल्यासारखे जाहले. वर लाडबाईंचे फर्मान सुटले की, चौथ्यांदा पडले तर पोरीस संभाजीनगरीं नेऊ, आणि का नेले ते अवघ्या बाजारास सांगू. दवाखाना नवा, बाजार जुना. अब्रूच पणास लागली.

चौथे स्वारीस कशफबी सुळा कोरडा करावयास वाकल्या, तो लाडबाई मोठ्या मायेने वदल्या, "जल्दी करा, डॉक्टरीणबाई. हाच दात दुखतो म्हून आताच लवंगेचं तेल चोळून आणलंय. दर बारीला चोळते की!"

कशफबींनी कापसाचा बोळा खाली ठेविला. तेलकट दातावर कोणते प्रायमर तग धरील? दवाखान्यास मूळचाच लवंगेचा वास, त्यात शत्रूचा वास बेमालूम मिसळला होता. आणि खरे लिहिणे प्राप्त, की दात लखलखीत पाहोन कशफबींनीही तो घासोन घ्यावयाचे काम तिन्ही वेळां घाईत टाळिले होते, आणि दोष प्रायमरांच्या माथी मारिला होता. ते सोयीचे पडले.

मग सुळा घासला, धुतला, वाळविला, आणि पहिलेच साधे प्रायमर लावोन ब्रॅकेट बसविले. "काकी, यापुढं तेल बिलकुल लावायचं नाही," ऐसी ताकीद दिली. लाडबाईंनी मान डोलाविली.

महिना लोटला. मठरी, पापड, खिचडी, तिघांनीही हल्ले केले, परंतु ब्रॅकेट हालले नाही. येणेंप्रमाणे डावा सुळा काबीज जाहला, आणि लाडबाईंनी अवघ्या बाजारास सांगितले, "तेल मुरायला चार बाऱ्या लागल्या, पण बसलं बराबर!"

दुसरे दिवशी दवाखान्याच्या बाकावर सात नवे रोगी हजर. कशफबी हर्षभरें बाहेर आल्या, तो सातही मुखांतून लवंगेचा घमघमाट. फत्ते जाहली ती ऐसी. म्हणोन नोंद करोन ठेविली असे.