ऱ्हास कितव्या नंबरचा?

अभिजात इंग्रजी वाङ्मयाच्या वाचनानं माणसाला जीवनाचं सखोल दर्शन घडतं, हे निर्विवाद सत्य आहे. प्राध्यापक विजयसिंह बारामतीतल्या एका कॉलेजात दरवर्षी जूनमध्ये, पहिल्याच तासाला ते सांगत. सांगताना उजव्या हातात एक जाडजूड, तपकिरी कापडी बांधणीची कादंबरी उंच धरत. पुस्तकाच्या पाठीवर सोनेरी अक्षरांत नाव होतं. गेली अठरा वर्षं ते ही कादंबरी बी.ए.च्या वर्गाला शिकवत होते. वाचलेली मात्र नव्हती.

यात फसवणूक म्हणावी असं काही नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. विद्यापीठ तेच दहा प्रश्न आलटूनपालटून घाली आणि त्या दहांची उत्तरं गाईडात होती. ‘कादंबरीतील सामाजिक ऱ्हास’, ‘शीर्षकाची समर्पकता’, ‘निवेदनातील उपरोध’. कोण कुणाशी लग्न करतं, हे विद्यापीठानं कधी विचारलं नाही, त्यामुळे ते सरांना कळण्याचंही कारण नव्हतं. कादंबरीचं नाव इथे देत नाही. झाल्या प्रकारात तिचा काही दोष नाही.

ग्रंथालयात तिची एकच प्रत होती आणि ती सरांच्या नावावर होती. बारामतीच्या एका बाइंडरनं ती बांधून दिली होती. आसपासच्या सोसायट्यांचे वार्षिक अहवालही तो त्याच तपकिरी कापडात बांधी, त्यामुळे कादंबरीला एक सहकारी भारदस्तपणा आला होता. अलीकडे मात्र सर वर्गात रिकाम्या हातांनी जात. कोऱ्हाळे बुद्रुकमधल्या त्यांच्या घराच्या पडवीत माधवीबाईंचं शिलाई मशीन होतं. त्याचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली कादंबरी मापानं कापल्यासारखी बसली होती.

“तुम्हाला तर ती तोंडपाठच आहे,” माधवीबाई म्हणाल्या होत्या. यावर नाही म्हणण्याची सोय नव्हती.

माधवीबाई पडवीत शिवणवर्ग चालवत. गावातल्या दहा-बारा बायका येत, झंपर शिवत, साड्यांना फॉल लावत आणि गावाची खबर ठेवत. या वर्गाला एकदम परदेशी ऑर्डर आली ती अंजलीमुळे. अंजली कऱ्हाटीची, सरांची जुनी विद्यार्थिनी. हस्तकलेच्या वस्तू परदेशी पाठवणाऱ्या पुण्यातल्या एका कंपनीत ती नोकरीला होती. तिकडच्या एका व्यापाऱ्याला नाताळच्या झाडाला टांगायला हातशिलाईचे बाहुले हवे होते. साधे नकोत, जुन्या, नावाजलेल्या कादंबरीतल्या पात्रांचे. कादंबरीचं नाव ऐकताच अंजलीनं साहेबांना सांगितलं, “ही आमच्या सरांची कादंबरी. काम त्यांच्या घरी द्या, चूक व्हायचीच नाही.” माल पसंत पडला तर काम दरवर्षी मिळणार होतं. ‘सरांची कादंबरी’ या दोन शब्दांवर ऑर्डर कोऱ्हाळ्याला आली. सरांच्या कानावर हे आलं तेव्हा ते जेवत होते. त्यांनी दुसरी भाकरी घेतली नाही.

कापड पुण्याहून आलं. जाड, लोकरीचं, कुठंही कापलं तरी धागा न सुटणारं. त्याला फेल्ट म्हणतात, असं माधवीबाईंनी सांगितलं. “घोंगड्याची लेक दिसती,” असं म्हणून गोजरबाईनं त्याला घरात घेतलं. दोन तुकडे कापायचे, कडेनं काजाटाका घालायचा, आत कापूस भरायचा, वर टांगायला दोरा. अवघड काही नव्हतं. अडचण चित्रांची होती. ती झेरॉक्सची झेरॉक्स होती. प्रत्येकाखाली फक्त नंबर आणि कपड्यांचे रंग, आणि तोंडाच्या जागी काळा ठिपका.

“चित्राबरहुकूम शिवायचं,” माधवीबाई म्हणाल्या.

“आवो पन तोंड हसरं काढू का रडकं?” गोजरबाईनं सुई तशीच धरून विचारलं. वर्गात वयानं सगळ्यांत मोठी तीच. “मानूस कोण, कुनाचं, कळल्याबिगर तोंड कसं यायचं?”

हे तर्कशुद्ध होतं. सरांना पडवीत बोलावण्यात आलं.

“सर, ही तीन नंबरची म्हातारी कोण?”

सरांनी चित्र लांब धरलं, मग जवळ धरलं. “ही समाजाच्या ऱ्हासाचं प्रतीक आहे.”

गोजरबाईशेजारी बसलेल्या बनाबाईनं सगळी चित्रं उलटीपालटी केली. “ऱ्हास कितव्या नंबरचा?”

“ऱ्हास म्हणजे माणूस नव्हे.”

“मंग हिचा कोण लागतो?”

माधवीबाई नवऱ्याकडे कौतुकानं पाहत होत्या. गाईडातली दहाही उत्तरं सरांच्या डोळ्यांसमोरून गेली. एकातही म्हातारीचं नातं नव्हतं.

“सासू आहे ती,” सर म्हणाले.

पडवीत समाधान पसरलं. “कुनाची?”

“पाच नंबरच्या मुलीची.”

“वाटलंच,” गोजरबाई म्हणाली. “कशी टोपी आवळून बांधलीया बघा पोरीनं. वर बघायची चोरी. कुठली म्हनायची ही?”

“लांबची.”

“लांबची म्हंजी? इंदापूरकडची?”

“त्याच्याही पलीकडची.”

“आन् म्हायेरला?”

“जात नाही.”

सगळ्या सुया थांबल्या. बनाबाईनं पाच नंबरचं चित्र मांडीवर घेतलं. सासूला त्याच दिवशी वटारलेले डोळे मिळाले, लाल दोऱ्याचे.

आपण एका प्रश्नाचं उत्तर दिलं की काम संपलं, अशी सरांची अठरा वर्षांची समजूत होती. विद्यापीठ उपप्रश्न विचारत नसे. गोजरबाई विचारत होती.

“एक नंबरचा उंच टोपीवाला सुनेचा नवरा का?”

“हो.”

“करतो काय?”

गाईडात ‘जमीनदार वर्ग’ असा शब्द होता. सरांना हायसं वाटलं. “जमीन आहे त्याला.”

“बागायत का जिरायत?”

“बागायत,” सर म्हणाले. परक्या माणसाचंही नाव राखावं, एवढाच हेतू.

दुसऱ्या दिवशी पाहतात तर उंच टोपीवाल्याच्या हातातल्या काठीवर पेरं भरली होती आणि टोकाला दोन हिरवी पानं फुटली होती.

“काठी होती ती,” सर म्हणाले.

“बागायतदार नुस्ती काठी कशापायी धरंल?” बनाबाई म्हणाली. “ऊस हाय.”

चार नंबरचा लाल कोट आणि सोनेरी बटणं यांविषयी कुणी विचारलंही नाही. तो बँडवाला होता हे उघड होतं. पण बँड म्हणजे लग्न, आणि लग्न म्हणजे कुणाचं, हा प्रश्न आलाच. सरांनी दोन नंबरच्या मुलीला नणंद केलं आणि तिचं लग्न लावून दिलं. तिला पिवळ्या लोकरीच्या मुंडावळ्या बांधण्यात आल्या. वर्ग संध्याकाळी सुटेनासा झाला. दुपारी येणाऱ्या बायका सकाळीच येऊ लागल्या. सर कॉलेजातून कधी परततात याकडे पडवीचं लक्ष असे, आणि सर अलीकडे बाजारपेठेतून वळसा घालून परतत.

शनिवारी ते स्कूटरला किक मारत असताना गोजरबाई पायरीवर आली. “सर, शेवटाला काय व्हतं तेवढं सांगून जावा. रात्री डोळ्याला डोळा लागंना.”

सरांनी विचार केला. थोर वाङ्मयाचा शेवट दुःखद असतो, एवढं त्यांना नक्की ठाऊक होतं. शिवाय मेलेल्या माणसाबद्दल फारसे प्रश्न येत नाहीत.

“सून मरते,” ते म्हणाले, आणि स्कूटर सुरू झाली.

परतले तेव्हा पडवी रिकामी होती. पाच नंबरचे हातपाय कापलेल्या अवस्थेत चटईवर पडले होते.

“सगळ्या उठून गेल्या,” माधवीबाई म्हणाल्या. “गोजरबाई म्हणाल्या, सासुरवासानं मेलेली पोर सणाच्या दिवशी झाडाला टांगायची, हे पाप आमच्या हातनं नको. अहो, दसऱ्याच्या आत माल जायला हवा. गुरुवारी अंजली बघायला येतेय. खरंच मरते का ती?”

सरांनी आयुष्यात प्रथमच कादंबरी वाचण्याचा निर्णय घेतला. पण रविवारी सकाळी बायका कात्र्या परत करायला आल्या आणि नेमक्या मशीनला टेकून बसल्या. सरांनी वाकून पुस्तकाला हात घातला.

“काय पडलं, सर?”

“सुई,” सर म्हणाले.

पडवीतल्या सगळ्या बायका सुई शोधू लागल्या. दोन सुया, एक बटण आणि बनाबाईचा हरवलेला अंगुस्ताना सापडला. पुस्तक जागचं हललं नाही. सर गुडघे झाडत उभे राहिले. समोर कात्र्यांचा ढीग होता. त्याच्या पलीकडे माधवीबाई होत्या.

“ती मरत नाही,” सर म्हणाले.

गोजरबाईनं त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. “काल मेली न् आज जित्ती?”

“तिला चक्कर येते. कादंबरी तीन भागांत आहे. काल मी पहिल्या भागाचा शेवट सांगितला.”

“चक्कर कशानं?”

सर चष्मा पुसू लागले. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. बनाबाईनं बोटांवर काहीतरी मोजलं, हिशेब जुळवला आणि हळूच म्हणाली, “दिस गेल्यात तिला.”

सरांनी हरकत घेतली नाही. पाच नंबरमध्ये कापूस जास्त भरावा लागला.

उरलेल्या दोन भागांसाठी बायकांनी सरांना फारसं विचारलं नाही. त्यांना ते आता दिसतच होते.

गुरुवारी अंजली जीपमधून आली. माल दोरीवर टांगून ठेवला होता. ऊसवाला साहेब, मुंडावळ्यांची नवरी, डोळे वटारलेली सासू, बँडवाला, आणि सगळ्यांच्या मध्ये पोटुशी सून. अंजली एकेकासमोर थांबली. बॅगेतली मूळ चित्रं तिनं काढली, पुन्हा बाहुल्यांकडे पाहिलं. सर भिंतीला लागून उभे होते. इंग्रजी घेऊन पहिल्या वर्गात पास झालेली मुलगी ती; तिच्यापुढे काठीचा ऊस लपणार नव्हता.

“हे असं का?” अंजलीनं विचारलं.

“असं म्हंजी कसं? हाय तसंच हाय,” गोजरबाई म्हणाली. “बस हितं. सांगते.”

तिनं एकेक बाहुला दोरीवरून उतरवून हातात घेतला आणि गोष्ट सांगितली. सून कुठून आली, सासूनं काय काय केलं, नणंदेच्या लग्नात बँडवाल्यानं काय पाहिलं आणि कुणाला सांगितलं. अंजलीच्या चहावर साय धरली. जीपचा ड्रायव्हर आधी हॉर्न वाजवत होता, नंतर पायरीवर येऊन बसला.

गोजरबाई थांबली. मग अंजलीनं हळूच विचारलं, “शेवटी जमीन कुणाच्या नावावर झाली?”

“सुनंच्या. सासूनं सोताच्या हातानं अंगठा दिला.”

हे सरांनीही पहिल्यांदाच ऐकलं. आपल्याला बरं वाटलं, हे त्यांच्या लक्षात आलं.

अंजली त्यांच्याकडे वळली. सरांनी फरशीकडे पाहिलं.

“सर, वर्गात तुम्ही ही गोष्ट कधीच सांगितली नाहीत,” ती म्हणाली. “आम्हाला नुसता ऱ्हासच सांगितलात.”

सरांनी मान वर केली. “तू... वाचली नव्हतीस?”

“कशी वाचणार, सर? एकच प्रत होती. तुमच्या नावावर.”

तिनं माल पास केला आणि पाच नंबरचा एक बाहुला स्वतःसाठी मागून घेतला.

बाहुले समुद्रापार गेले. संक्रांतीच्या सुमारास अंजलीचा निरोप आला. सगळा माल खपला होता, पुढच्या वर्षी दुप्पट हवा होता. गिऱ्हाइकांनी एकच चौकशी केली होती, की पाच नंबरला काय झालं? झालं असेल ते बाळही यंदा सोबत पाठवावं. कादंबरी वाचलेलं माणूस तिकडेही कुणाला भेटलेलं दिसत नव्हतं.

“मुलगी,” गोजरबाई म्हणाली, आणि गुलाबी फेल्ट मागवण्यात आलं.

सगळं सुरळीत झालं होतं. सरांचं मात्र बिनसलं. जेवताना, स्कूटरवर, अगदी ‘शीर्षकाची समर्पकता’ सांगता सांगता त्यांच्या मनात येई, की खऱ्या कादंबरीत तिचं काय होतं? मरते का? म्हातारी तिची कोण? जमीन आहे का? अठरा वर्षांत विद्यापीठानं जे साधलं नव्हतं, ते गोजरबाईनं एका पावसाळ्यात साधलं होतं. सरांना कादंबरी वाचावीशी वाटत होती.

एका दुपारी माधवीबाई दोरे आणायला बारामतीला गेल्या. सरांनी मशीनच्या पायाखाली वीट सारली, कादंबरी ओढून काढली, धोतराच्या फडक्यानं पुसली आणि पायरीवर बसून चष्मा लावला. पहिलं पान उलटलं. मग दुसरं. मग एकदम मधलं.

आत एका विकास सोसायटीचे दहा वर्षांचे वार्षिक अहवाल होते.

सरांनी पुस्तक मिटून पाठीवरची सोनेरी अक्षरं वाचली. नाव कादंबरीचंच होतं. दोन्ही खंड एकाच बाइंडरकडे, एकाच कापडात, बहुधा एकाच दिवशी बांधले गेले होते, आणि पाठींची अदलाबदल झाली होती. वर्गात उजव्या हातात त्यांनी इतकी वर्षं काय उंच धरलं होतं, याचा त्यांनी थोडा वेळ विचार केला. मग पुस्तक काखेत मारून ते त्या सोसायटीत गेले.

चिटणीस रावजी टेबलाशी पान लावत होते. सरांनी दहा वर्षांच्या अहवालांचा खंड आहे का, असं विचारलं.

“हाय की,” रावजींनी कपाटाकडे बोट केलं. काचेमागे तपकिरी कापडाची जाड पाठ दिसत होती. “दरसाल सभेला टेबलावर ठेवतो.”

“बघू का जरा? शेवट बघायचा होता.”

रावजींनी पान तोंडात टाकलं. “आता काय बघायचं, सर? वाचला असं समजून एकमतानं मंजूर झालाय त्यो.”