शिट्टी येतेय ना?

रविवारी सकाळी आमच्या मुलुंडच्या सोसायटीत परबकाकांच्या गाडीचं बॉनेट उघडं दिसलं, की शहाणा माणूस मागच्या गेटनं बाहेर पडतो. पुढून जाणाऱ्याला काका दंडाला धरून इंजिनाजवळ नेतात आणि विचारतात, "ऐक. शिट्टी येतेय ना?"

गाडी जुनी, डिझेलची, टर्बोवाली. इंजिनाला वेग दिला की टर्बो बारीक शीळ घालतो. ती बारीक आहे तोवर ठीक. किंचाळायला लागली की टर्बोचे दिवस भरले. एवढं काकांनी सोसायटीत सगळ्यांना शिकवलंय, वॉचमनलासुद्धा.

"काका, मेकॅनिकला दाखवा ना!"

"तो काय, ऑइल न बदलता बदललं म्हणून सांगेल. टर्बो घाटात गेला तर?"

'घाटात गेला तर?' हे काका जपासारखं म्हणतात. शिमग्याला काकूंना घेऊन गावी जायचं, त्याची काळजी त्यांना दिवाळीतच लागते. ऑइल तेच बदलतात, एअर फिल्टर तेच झटकतात, टर्बोच्या रबरी पाइपवर बोट फिरवून चीर शोधतात. ऑइल मोजायची डिपस्टिक पुसायची, बुडवायची, मला दाखवायची, माझा चेहरा बघायचा आणि पुन्हा पुसायची.

मलाच का? मी चळवळीच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून वाढलेला माणूस. खासगी मोटारींविरुद्ध दोन पत्रकं लिहिलीत. एक तर काकांच्याच दाराखालून आत सरकवलं होतं. त्याला त्यांनी ऑइलचे हात पुसले. तरी हाक मलाच.

"बाकीचे तोंडातल्या तोंडात पुटपुटतात रे. तू सभेत बोलल्यासारखा बोलतोस."

मला तो गौरव वाटायचा.

काकूंनी मात्र दिवाळीपासून काकांना हाक मारणंच सोडलं होतं. चहा झाला की दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत स्टीलचं ताट उन्हात धरायच्या आणि त्याचा कवडसा बॉनेटवर नाचवायच्या. काका वर बघून हसायचे. "म्हातारपणी काय एकेक चाळे!" आम्ही म्हणायचो.

शिमग्याआधीचा रविवार. नवीन ऑइल ओतून काकांनी गाडी चालू केली, उतरून पाइप दाबून पाहिला, पुन्हा आत बसले आणि चालू इंजिनाचीच चावी फिरवली. असा खर्रकन आवाज झाला की वॉचमन खुर्चीतून उठला, कबुतरं उडाली. काका तेवढे हलले नाहीत. त्यांनी चावी पुन्हा फिरवली.

मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. "काका! चालूच आहे!"

त्यांनी डॅशबोर्डवर तळहात ठेवला. थरथर हाताला लागली आणि चेहरा उतरला.

"कधीपासून?" मी मोठ्यानं विचारलं.

"पावसाळ्यापासून. आधी शिट्टी गेली. मग बाकीचं."

"मग कानाचं मशीन घ्या! काकूंना सांगा! माणसाला सत्य कळण्याचा अधिकार..."

"हळू बोल, मेल्या! तिच्या कानावर जाईल." काकांनी घाबरून खिडकीकडे पाहिलं. "ती दिवसभर बोलते, मी मान डोलावतो. तिला वाटतं, ऐकतोय. राहू दे ना तसंच." मग हातातलं फडकं पिळत म्हणाले, "टर्बोचं सोड. घाटात हिनंच हाक मारली आणि मला ऐकूच नाही आली तर?"

मी पुढचा मुद्दा मांडायला तोंड उघडलं. तेवढ्यात कवडसा आला. बॉनेटवरून सरकत काचेतून आत शिरला आणि काकांच्या काळ्या हातावर थांबला.

काका हसले. "बघ. काही कळलेलं नाही तिला."

मी वर पाहिलं. एका हातात ताट धरून काकूंनी दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं होतं.

मी मुद्दा गिळला. दोन्ही पत्रकंही गिळली.

"काका, शिमग्याला मागची सीट रिकामी आहे ना?"

त्यांना ऐकू गेलं नाही. मग मी सभेत विचारतात तसं विचारलं.