साळूबाईचा पाठपुरावा

एका जंगलात, बाळांनो, हिवाळ्यात थंडी पडायची. हसू नका. हिवाळ्यात थंडी पडते हे तुम्हाला-मला आपोआप कळतं. राजाला कळायला समिती लागते.

त्या जंगलातली बिळं जुनी होती. कुठे मुळी कुजून भोक पडलेलं, कुठे माती खचून फट झालेली. मार्गशीर्ष लागला की त्या फटींतून असा वारा आत शिरायचा, की घरादाराचे दात वाजायचे. मग सगळे काय करायचे? चिचुंद्रीला हाक मारायचे.

चिचुंद्री नाकाने लांब, डोळ्यांनी अधू आणि तोंडाने फटकळ. पण तिच्या मिशा! बिळात शिरायची, गप्प उभी राहायची, आणि मिशी जराशी हलली की म्हणायची, "इथं आहे गं बाई तुझा चोर." मग चिखल, वाळकं गवत, गव्याचं थोडं शेण, वरून चार थापा, आणि फट बंद. "बस गं, चार किडे खाऊन जा," एवढ्यावर तिचं समाधान.

आता इतकं सोपं काम असंच चालू राहिलं असतं तर जंगलाची प्रगती कशी झाली असती, सांगा बरं?

तर झालं काय, राजा सिंह एकदा शेजारच्या जंगलात पाहुणा म्हणून गेला. तिथे फट शोधणारा वेगळा, तपासणारा वेगळा, बुजवणारा वेगळा, आणि तिघांच्याही गळ्यात पट्टे. राजाला ते पट्टे फार म्हणजे फारच आवडले. परत आल्या आल्या त्याने दवंडी पिटवली, "यापुढे प्रमाणपत्राशिवाय कुणी कुणाच्या बिळातली फट शोधू नये. बुजवू तर मुळीच नये."

लगेच संस्था निघाली. वनराज्य फट-परीक्षण व ऊब-संवर्धन प्रशिक्षण संस्था. नुसतं नाव म्हणेपर्यंत अंगात ऊब यायची. संचालक झाले मोरसाहेब. का म्हणून काय विचारता? पिसारा कुणाचा मोठा? मोरसाहेब जन्मात कधी बिळात राहिले नव्हते. झाडावर झोपायचे. त्यामुळे बिळांच्या बाबतीत ते अगदी तटस्थ होते.

चिचुंद्रीने कपाळावर हात मारून घेतला आणि वर्गात नाव घातलं. करते काय बिचारी! हातातलं काम सुटलं तर खाणार काय?

पहिल्या दिवशी मोरसाहेबांनी फटींचे सतरा प्रकार शिकवले. उभी फट, आडवी फट, तिरपी फट, उभी असून आडवी वाटणारी फट. दुसऱ्या दिवशी त्या सतरांचे पोटप्रकार. तिसऱ्या दिवशी चिचुंद्रीला राहवेना.

"साहेब, बुजवायची कधी?"

"बुजवणं हा वेगळा अभ्यासक्रम आहे. तुम्ही फार घाई करता, बाई."

प्रात्यक्षिकासाठी टेकडीवर एक आदर्श बीळ बांधलं होतं. राजाच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं होतं आणि भिंतीत तशी दगडी पाटी ठोकली होती. त्या बिळात कुणी राहत नव्हतं. आणि आदर्शच ते, त्यामुळे त्यात फट असण्याचा प्रश्नच नव्हता. फटींचं शिक्षण बिनफटीच्या बिळात! ओसरीवर पालथं पडून पोहायला शिकण्यातला प्रकार.

परीक्षेच्या दिवशी प्रत्येकाला एक मोरपीस मिळालं. बिळात धरायचं. हललं तर फट आहे, नाही हललं तर नाही. पीस मोरसाहेबांच्याच पिसाऱ्यातलं, चांगलं लांब आणि दणकट दांडीचं. वादळाखेरीज कशाने हलेल अशी त्याची तयारी नव्हती.

आधी घोरपडबाई आत गेल्या. घोरपडीचं रक्त गार. बाहेर जसं हवामान तसंच आत. तिला थंडीचं कौतुक ना उबेचं. तिने पीस धरलं, चार वेळा जीभ काढली आणि म्हणाली, "फट नाही." पहिला वर्ग!

मग बगळेभाऊ. एका पायावर उभे राहिले, डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाले, "फट नाही." दुसरा वर्ग. दोन्ही पायांवर उभं राहायचं असं नियमात होतं.

मग चिचुंद्री आत गेली आणि तिची मिशी हलली.

"साहेब, पाटी ठोकताना भिंत तडकलीय. पाटीच्या मागून वारा येतोय."

सगळ्यांच्या माना पाटीकडे वळल्या.

"राजाच्या नावामागे फट?" मोरसाहेबांचा तुरा थरथरला.

"नावामागे नाही हो, पाटीमागे."

"पीस हललं?"

"नाही."

"मग काय हललं?"

"माझी मिशी."

"मिशी हा वैयक्तिक अवयव आहे. मान्यताप्राप्त उपकरणांत तो बसत नाही. नापास!"

झाली परीक्षा. आता जांभया आवरा आणि नीट ऐका, कारण यापुढे जिवाशी गाठ आहे.

त्या जंगलात एक साळूबाई राहायची. साळू म्हणजे साळिंदर. पाठीवर हातभर लांब काटे आणि मन लोण्यासारखं. त्या वर्षी तिला दोन पिल्लं झाली होती. पिल्लांचे काटे अजून केसांसारखे मऊ होते. आणि तिच्या बिळाच्या मागच्या भिंतीत मुळी कुजून मूठभर भोक पडलं होतं. वारा नेमका तिथूनच यायचा. धाकटी पोर सारखी कुडकुडायची, खोकायची, दूध तोंडात धरवेना तिला. गेल्या थंडीत शेजारच्या बिळातलं एक पिल्लू असंच खोकत खोकत गेलं होतं. साळूबाईचा जीव टांगणीला लागला.

तिने चिचुंद्रीला गाठलं.

"मी नापास आहे गं," चिचुंद्री म्हणाली. "पकडलं तर दोघींची धडगत नाही."

"माझी पोर जातेय गं!"

"मग नियम गेला खड्ड्यात. चिखल कालव."

दिवस मावळायच्या आत भोक बुजलं. धाकटी पोटभर दूध प्यायली आणि पहिल्यांदाच न खोकता झोपली. साळूबाई तिच्याकडे बघत बसली आणि रडली. सुखानेही रडू येतं, मोठे व्हाल तेव्हा कळेल.

आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी दारात घोरपडबाई आणि बगळेभाऊ उभे. गळ्यात पट्टे.

"परीक्षण आहे," घोरपडबाई म्हणाल्या आणि थेट मागच्या भिंतीपाशी गेल्या. "इथे फट होती वाटतं. बुजवलेली दिसतेय. कुणी बुजवली?"

"आपोआप बुजली," साळूबाई म्हणाली. चिचुंद्रीचं नाव ती मरेस्तोवर घेणार नव्हती.

"आपोआप बुजायचं असेल तरी आधी अर्ज करावा लागतो."

"अहो, पण ऊब आहे ना आत? माझ्या पोरीला हात लावून बघा. खोकला थांबलाय तिचा."

"ऊब आमच्याकडे येत नाही," बगळेभाऊ म्हणाले. "आम्ही फट तपासतो. आणि फट बुजलेली असेल तर तपासायचं काय? आधी मूळ स्थितीत आणायला हवी."

असं म्हणेपर्यंत घोरपडबाईंनी नखं लावलीसुद्धा. चिखल पडला, गवत पडलं, आणि वारा असा सुसाट आत आला की दणकट दांडीचं ते मोरपीस चक्क हललं!

बगळेभाऊंना इतका आनंद झाला की त्यांनी दुसरा पायही खाली टेकवला. "सापडली! संस्थेला सापडलेली पहिली फट!"

"अहो, ती तुम्हीच पाडलीत!"

"सापडली म्हणायचं असतं, बाई."

"बरं, सापडली. आता बुजवा."

"बुजवणारी तुकडी वेगळी. ती चैत्रात येते."

"चैत्रात? थंडी आत्ता आहे!"

"थंडीत माती वाळत नाही ना, म्हणून चैत्रात. तोपर्यंत तुम्ही एकच करा. पाठपुरावा. रोज करा, चिकाटीने करा, मध्ये सोडू नका. आमच्याकडे पाठपुराव्याशिवाय काही होत नाही."

आणि ते गेले. धाकटी पुन्हा खोकायला लागली.

साळूबाई काही शिकलेली नव्हती. कचेरीतले शब्द तिला कुठून ठाऊक? तिने त्या शब्दाचा सरळ अर्थ लावला. पाठपुरावा म्हणजे पाठ पुरवायची. आता पाठ तर तिच्याकडे होती, आणि चांगली रुंद होती. ती वळली, मागे सरकली आणि भोकात पाठ घट्ट लावून बसली. वारा थांबला.

बसली ती बसलीच. मार्गशीर्ष गेला, पौष गेला. ती तिथून हलायची नाही. "पुन्हा बुजवते गं," असं चिचुंद्री रोज म्हणायची, पण "ते पुन्हा उकरतील आणि तुलाही धरतील," म्हणून साळूबाई ऐकायची नाही. मग चिचुंद्री स्वतःपेक्षा मोठाले कंद ओढत आणायची आणि तिला भरवायची. बाहेरच्या बाजूने पाठीवर दहिवर गोठायचं. काटे झडायला लागले. वेदनेने साळूबाई ओठ चावायची, पण पोरांसमोर हूं की चूं नाही.

"आई, तू अशी भिंतीला चिकटून का बसतेस?" धाकटीने विचारलं.

"सरकारी काम आहे, बाळा."

माघ सरत आला तशी दोन्ही पिल्लं टुणटुणीत झाली. खोकला पळाला, काटे कडक झाले. आणि एक दिवस खुद्द मोरसाहेब घोरपड आणि बगळ्याला घेऊन पाहणीला आले. आत आल्यावर त्यांनी पीस धरलं. हललं नाही.

"वा! लिहा, बगळेभाऊ. संस्थेच्या परीक्षणानंतर बीळ उबदार झाले." मग त्यांचं लक्ष साळूबाईकडे गेलं. "बाई, पाहुणे आलेत, जरा उठावं माणसाने."

साळूबाई उठली. वारा आला. बसली, वारा थांबला. मोरसाहेबांनी तिला तीनदा उठवलं आणि तीनदा बसवलं.

तेवढ्यात कंद घेऊन आलेल्या चिचुंद्रीला तिची पाठ दिसली. मधोमध मूठभर जागा उघडी पडली होती. काटे नाहीत, केस नाहीत, थंडीने काळी पडून फुटलेली कातडी. चिचुंद्रीचा कंद गळून पडला.

"मेल्यांनो, काय केलंत हे!" ती किंचाळली. "माझ्या दोन मुठी चिखलाचं काम होतं हे!"

मोरसाहेबांनी तिकडे लक्षच दिलं नाही. त्यांचा पिसारा आनंदाने फुलला होता. "पाठबंद तंत्र! अभ्यासक्रमात घ्या हे. पण बाई, एक गोष्ट चुकली तुमची. हे तुम्ही विनाप्रशिक्षण केलंत. या वेळी माफ आहे. पुढच्या थंडीपासून पिल्लांसाठी वाऱ्याला आड बसायचं तर प्रमाणपत्र लागेल."

"कसलं?"

"बसण्याचं."

"आणि ते शिकायचं कधी?"

"मार्गशीर्ष ते माघ. संस्थेत राहून. पिल्लं आणायची नाहीत."

"मग ते तीन महिने माझ्या पोरांसाठी वाऱ्याला आड कोण बसेल?"

"अहो, तीन महिन्यांत उत्तम बसायला शिकाल तुम्ही," मोरसाहेब समजुतीने म्हणाले. "मग चैत्रापासून बसा की हवं तितकं!"

साळूबाईने त्यांना पाठ दाखवली. बाळांनो, लढाईत पाठ दाखवणाऱ्याला आपण पळपुटा म्हणतो. साळिंदराचं उलट असतं. कडेचे काटे शिल्लक होते, तेवढे फुलवून खुळखुळत ती अशी उलटी धावली, की मोरसाहेब, घोरपडबाई आणि बगळेभाऊ एकाच फटीतून, सॉरी, एकाच दारातून बाहेर पडले. मोरसाहेबांच्या मांडीत दोन काटे गेले ते गेलेच.

दुसऱ्या दिवशी साळूबाईच्या दारावर नोटीस लागली. बसण्याच्या वर्गाला पहिल्या दिवशी हजर राहावे, न राहिल्यास पिल्लांचा ताबा संस्थेच्या प्रशिक्षित उमेदवाराकडे दिला जाईल.

तात्पर्य : थंडी वाजली म्हणून धावत जाऊन आईच्या कुशीत शिरू नये. आधी तिचं प्रमाणपत्र मागावं, त्यावरचा शिक्का आणि मुदत तपासावी, आणि तोवर दारात उभं राहून कुडकुडावं. कुडकुडायला अजून तरी प्रमाणपत्र लागत नाही.