आवाज येतोय का?

ज्याच्या लॅपटॉपमधून पहिल्याच झटक्यात आवाज येतो, त्याचं शिक्षण अपुरं राहतं. परदेशात लिक्सलिपला राहणाऱ्या अभिजितने म्हणूनच लॅपटॉपवर लिनक्स घातलं होतं. ही प्रणाली जगभरच्या हुशार माणसांनी फुकट बनवलेली आहे आणि तिच्यातून आवाज काढायला तितकीच हुशार माणसं लागतात. (घरात एक होता.)

नातीला मराठी शिकवायला नागपूरहून आलेले त्याचे वडील, गुरुनाथ मास्तर, हे कौतुकाने पाहत होते. चुका करा, पण घाई करू नका, असं त्यांनी जन्मभर पोरांना सांगितलं. मुलाने ते मनावर घेतलेलं दिसत होतं.

आज नागपुरात मास्तरांच्या पत्नीचा, नीलिमाआजींचा, पंचाहत्तरावा वाढदिवस. एरवी इंग्रजीतच उत्तर देणारी नात ईशानी आजीसाठी मराठीत भाषण करणार होती. पडद्यावर आजींचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

“अरे, फोनवरून लाव ना.”

“बाबा, तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“नॉट क्लेव्हर, बाबा,” ईशानी अभिजितला म्हणाली.

प्रक्रिया शास्त्रशुद्ध होती. आधी लॅपटॉपला साउंड कार्डाची ओळख करून द्यायची. ओळख पटली की ड्रायव्हर बदलायचा, म्हणजे ती पुन्हा करून देता येते. मग फोरम वाचायचा. (तिथे ब्राझीलच्या एका सद्गृहस्थाने हाच प्रश्न पूर्वी विचारला होता. खाली त्यानेच लिहिलं होतं, ‘सुटला, धन्यवाद.’ कसा, हे सांगण्याइतका तो उथळ नव्हता.)

“आई, ऐकू येतंय?” अभिजितने विचारलं. आजींनी जोरजोरात मान हलवली. (नाही, असा अर्थ काढण्यात आला.)

तोवर मास्तरांनी ईशानीची तालीम घेतली. तिने सगळं भाषण न अडखळता म्हटलं आणि तक्रार केली, “बट आजोबा, शी नेव्हर टॉक्स टू मी. जस्ट ‘जेवलीस का’ अँड बाय.”

“तुझं इंग्रजी तिला कळत नाही, बेटा. न कळलेलं विचारायला वर्गात पोरं लाजतात ना, तशी लाजते ती.” मास्तरांनी आवाज खाली आणला. “मला तर तिच्याशिवाय इथे करमतच नाही. तिला सांगू नकोस.”

पडद्यावर आजींनी डोळ्यांना पदर लावला.

“बघा, आई वैतागली!” म्हणत अभिजित दुप्पट वेगाने टाइप करू लागला.

आणि मग कुठल्याही आदेशाशी संबंध न ठेवता आवाज आला.

“अभी, राहू दे ना बाप्पा! मला पहिल्यापासून ऐकू येतंय. एरवी पाच मिनिटांत ‘बरं, ठेवतो’ म्हणतोस. आज अख्खं घर ऐकलं.” मग पदर नीट करत, “आणि करमत नाही म्हणे कोणाला तरी!”

मास्तर खिडकीबाहेरची हवा तपासू लागले.

“ईशानी, भाषण छान झालं हं. पण ते ‘क्लेव्हर’ म्हणजे काय गं? तू मघाशी बाबाला म्हणालीस ते.”

“नॉट क्लेव्हर, असं म्हणाले मी,” ईशानी मराठीत म्हणाली, आणि आजीला समजावत बसली.

तेव्हापासून दर रविवारी नागपूरला कॉल लावून अभिजित काहीतरी दुरुस्तीला काढतो. वाचकांनी मात्र या भानगडीत पडू नये. तुमचा फोन उत्तम चालतो, आईचा आवाजही स्वच्छ येतो. ‘बरं, ठेवतो’ म्हणायला तुम्हाला कसलीही तांत्रिक अडचण नाही.