सबनीस काकांची हजेरी

सबनीस काका गाडीत बसलेल्या दोन माणसांचीसुद्धा हजेरी घेतात. कॉफी घ्यायला थांबलो, हजेरी. रेस्टरूमला थांबलो, हजेरी. "तन्वी!" "हजर." "प्रशांत!" "हजर." मग स्वतःच "सबनीस!" असं पुकारून स्वतःच "हजर!" म्हणतात, आणि मगच गाडी सुरू होते.

काका इथे नोव्हाय शहरात, गाड्यांच्या कंपनीत ब्रेकवर काम करतात. दर हिवाळ्यात ते मायदेशातून नव्याने आलेल्या मराठी विद्यार्थ्यांना उत्तरेच्या जंगलात नेतात. दिवसभर स्कीवरून चालायचं, रात्री बर्फात तंबू. मला खरं तर जायचं नव्हतं. पण आमच्या घरातून कॉलेजला आलेला मी पहिलाच. इथे कशाला नाही म्हटलेलं चालतं, हे मला अजून नीटसं कळत नाही.

जंगलात शिरताच काकांनी पहिला नियम सांगितला. "घाम गाळायचा नाही! कपडे ओले झाले की रात्री कुडकुडत बसाल."

आमच्याकडे घाम गाळल्याशिवाय वडील कुणाला जेवायला बसू देत नाहीत. मी सवयीने जोर लावला.

"प्रशांत, जॅकेट काढ! अरे, स्की करतोयस की नांगर ओढतोयस?"

काका आणि तन्वी पुढे गेले. मी एका उतारावर तोंडावर आपटलो. एक स्की झाडाखाली, मी कमरेपर्यंत बर्फात. तेवढ्यात पुढून हाक आली, "प्रशांत!" अशा अवस्थेत हजर कसं म्हणायचं? उठून, कपडे झटकून मग सांगावं, असं मला वाटलं. उठताच येईना. पुन्हा हाक. मग पुन्हा, आणि या वेळी आवाज चिरकला.

काका धापा टाकत मागे आले. घामाने निथळत होते.

"काका, घाम..." मी म्हणालो.

"गप्प बस! उभा आहेस का, असं विचारलं नव्हतं मी. आहेस का, एवढंच विचारलं होतं."

संध्याकाळभर ते स्टोव्हपाशी ओला शर्ट वाळवत बसले. तन्वी हसली, तर तिला भांडी घासायला लावली.

परतताना तन्वी वाटेत उतरली. मी सामान उतरवायला काकांच्या घरी गेलो. काकू गेल्यापासून ते एकटेच राहतात. त्यांनी दार उघडलं. आत अंधार होता. उंबऱ्यावर बूट झटकत ते सवयीने म्हणाले, "सबनीस!"

आणि उत्तर द्यायचं राहूनच गेलं.

मी स्की कवटाळून बाहेर उभा होतो. बोलावं की नाही, कळेना. शेवटी म्हणालो, "प्रशांत हजर, काका."

"मग बाहेर काय उभा राहिलास? बूट काढून आत ये. खिचडी टाकतो."